गाडी गेली, पट्टा कुणाचा?



गेल्या उन्हाळ्यात अनसिंगला माहेरी गेले होते. दुपारी आमच्या गल्लीतल्या बचत गटाची बैठक होती, आई म्हणाली चल. पैसे मोजून झाले, वहीत सह्या झाल्या, कर्जाच्या हप्त्यावरून थोडी वादावादी झाली आणि चहाची वाट पाहत सगळ्या ओसरीवर टेकल्या. गटातल्या एका बाईची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. तिनं मोबाइल पुढे केला. "ताई, हे पाहा." न्यूयॉर्क शहरातली एक बाग दिसत होती. जमिनीवरची नव्हे. रस्त्याच्या वर, जुन्या लोखंडी रेल्वेपुलावर केलेली. रूळ तसेच ठेवलेले, रुळांमधून गवत आणि फुलझाडं वाढवलेली, कडेला लाकडी बाकं. बाया चालत होत्या, एकट्या बसल्या होत्या, एक तर चक्क पाय पसरून आडवी झाली होती. ओसरीवर हशा पिकला. "हिच्या घरी सैपाक नाही वाट्टे!" एकजण म्हणाली.

मुलगी मात्र हसली नाही. "आपल्याकडं अशी वाट पायजे," ती म्हणाली. "मले पयाले."

ही मुलगी पहाटे वाशिम-पुसद रस्त्याच्या कडेनं धावते. ट्रक जवळून जातात. मागं मोटारसायकलवर भाऊ असतो. भावाला काम निघालं की त्या दिवशी पळणं बंद. भरतीच्या मैदानावर घड्याळ तिच्यासाठीही तेच असतं, पण सराव मात्र भावाच्या सवडीनं.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली काकू बोलली. तिचं माहेर कारंजा तालुक्यातलं, रुळाकाठचं. "बागेचं मंग पाहू. गाडी सुरू करा म्हना आधी. आमची शकुंतला." मग थोडं थांबून म्हणाली, "गाडीत बसली का दोन घंटे मले कोनी काम सांगे नाही. तीच माही बाग."

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला गरज आणि मागणी यांतला फरक शिकवला होता. लोकांची गरज कार्यकर्त्यानं ठरवायची नसते, लोकांच्या तोंडून ऐकायची असते, हा पहिला धडा. त्या दुपारी एकाच ओसरीवर दोन गरजा माझ्यासमोर आल्या. एकीला वाट हवी, दुसरीला गाडी. वरवर पाहता दोन्ही एकाच जागेवर हक्क सांगतात आणि एकमेकींच्या विरोधात जातात. खरंच जातात का, हा या अंकाच्या संपादकीयाचा विषय आहे. बागबगीचा हा स्त्रीमुक्तीच्या मासिकाचा विषय कसा, असं काही मैत्रिणींना वाटेल. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

आधी शकुंतलेविषयी. विदर्भाबाहेरच्या वाचकांना ती ठाऊक नसेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी मिळून सुमारे १९० किलोमीटरची ही अरुंद रुळांची रेल्वे. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचवण्यासाठी हे रूळ टाकले. म्हणजे गाडी आमच्यासाठी आलीच नव्हती, आमच्या आज्यांनी वेचलेल्या कापसासाठी आली होती. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी या रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली आणि गाडी चालवण्याचं काम रेल्वेनं केलं. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून सत्तर वर्षं ती ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. पुढे रूळ जुने झाले, दुरुस्ती होईना, वेग सायकलीइतका उरला. गेल्या दहा-बारा वर्षांत आधी यवतमाळकडची आणि मग अचलपूरकडची गाडी थांबली. २०१६ साली ब्रॉडगेजची घोषणा झाली. घोषणेच्या बातम्या पुढेही येत राहिल्या, गाडी आली नाही.

कापसासाठी आलेली गाडी बायकांनी मात्र आपली करून घेतली. तिकीट स्वस्त, गाडी लहान गावालाही थांबणारी, चढायला घाई नाही. टोपलीत भाजी, पिशवीत लाह्या-फुटाणे, काखेत लेकरू घेऊन बाई चढायची. बसमध्ये ओझ्याला वेगळं तिकीट आणि वर कंडक्टरची बोलणी. गाडीत ओझं पायाशी ठेवून ऐसपैस बसता यायचं. काकूचं वाक्य मी मुद्दाम तिच्या शब्दांत दिलं आहे. घरी, शेतात, दुसऱ्याच्या बांधावर, सगळीकडे काम सांगणारं कुणीतरी असतं. प्रवासाच्या वेळात मात्र बाई कुणाचीच नसते. शकुंतला हळू चालायची म्हणून पुरुष तिची चेष्टा करत. बाईला तो हळूपणाच हवा होता.

आता त्या चित्रफितीतल्या बागेकडे येऊ. न्यूयॉर्कच्या पश्चिम भागात पूर्वी मालगाड्या रस्त्यावरूनच धावत. त्यांच्याखाली इतकी माणसं मेली की त्या रस्त्याला लोक मृत्यूचा रस्ता म्हणू लागले. म्हणून १९३४ साली गाडी उंच लोखंडी पुलावर नेली. मांस, दूध, धान्य थेट कारखान्यांच्या दुसऱ्या मजल्यावर उतरे. पुढे ट्रक वाढले आणि १९८० साली शेवटची गाडी गेली. पूल ओस पडला, त्यावर आपोआप रानगवत उगवलं. आसपासच्या जमीनमालकांना तो पाडून हवा होता. १९९९ साली शेजारच्या दोन रहिवाशांनी पूल वाचवण्यासाठी मंडळ काढलं, दहा वर्षं झगडले आणि २००९ मध्ये बागेचा पहिला भाग खुला झाला. आज ती सुमारे २.३ किलोमीटर लांब आहे. 'हाय लाइन' हे तिचं नाव. तिच्याही आधी पॅरिसनं हे केलं होतं. तिथली एक रेल्वे १९६९ साली बंद पडली, तिच्या दगडी कमानींवर १९९३ पर्यंत उंच बाग तयार झाली आणि खालच्या कमानींमध्ये कारागिरांना गाळे दिले गेले. जगातली बरीच शहरं आज याच मार्गानं जाऊ पाहत आहेत.

ऐकायला छान वाटतं. वाटावंच. गंजलेल्या लोखंडावर झाडं लावणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण आपल्या चळवळीची सवय अशी, की चांगली गोष्ट दिसली की विचारायचं: कुणासाठी? आणि कुणाच्या बदल्यात?

हाय लाइन झाल्यावर आजूबाजूच्या जमिनींचे भाव भडकले. काचेच्या महागड्या इमारती उभ्या राहिल्या. त्याच परिसरात सरकारी घरांच्या वसाहती आहेत, तिथं कमी उत्पन्नाची, बरीचशी काळी आणि लॅटिनो कुटुंबं राहतात. बाग त्यांच्या दारात होती, तरी तिथं गर्दी असायची ती पर्यटकांची. बाग उभारणाऱ्या दोघांपैकी एक रॉबर्ट हॅमंड. त्यांनी २०१७ साली स्वतःच जाहीर कबुली दिली, की शेजाऱ्यांसाठी म्हणून सुरू केलेलं काम शेजाऱ्यांपर्यंत पोचवण्यात आपण कमी पडलो. बाग कशी दिसावी हे आपण लोकांना विचारत राहिलो, आधी विचारायला हवं होतं की तुम्हाला काय हवं आहे, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश. लोकांना उत्तर काढून दाखवायचं आणि मग रंग विचारायचा. ही चूक आपल्याकडच्या किती योजनांमध्ये झाली ते मोजायला बसलो तर अंक पुरणार नाही.

दुसरं उदाहरण व्हिएन्नाचं. तिथल्या नगरपालिकेनं १९९६-९७ साली बागांची पाहणी केली. नऊ-दहा वर्षांपर्यंत मुली बागेत येतात आणि त्यानंतर दिसेनाशा होतात, असं आढळलं. मुलगे मात्र येतच राहतात. कारण काय? मोठं मोकळं मैदान एकच, ते मोठ्या मुलांनी अडवलेलं, आत यायला वाट एकच, तिच्या तोंडाशी टोळकं. मुली भांडायला न जाता घरी जायच्या. १९९९ साली दोन बागा नव्यानं आखल्या. वाटा वाढवल्या, मैदानाचे लहान भाग केले, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलची सोय केली, दिवे लावले. मुली परत आल्या. दारावर 'मुलींना मनाई' अशी पाटी कुठंच नव्हती, तरी त्या बाहेर गेल्या होत्या. आपल्या गावात तरी कुठल्या पारावर पाटी आहे?

अनसिंगचंच पाहा. पार आहे, चौक आहे, चहाच्या टपऱ्या आहेत, बसथांबा आहे, शाळेचं मैदान आहे. पुरुष कुठंही टेकतो, कुणी विचारत नाही. बाई दिसते ती चालताना. डोक्यावर गाठोडं, हातात डबा, बोटाशी लेकरू. थांबली तर विचारणा होते. मी स्वतः एकदा एका गावी बसथांब्यावर संध्याकाळी अर्धा तास नुसती बसले. तीन जणांनी येऊन विचारलं, "कोणाची वाट पाहता?" तिसऱ्यानं विचारल्यावर मी खोटंच सांगितलं की भाऊ येतो आहे. स्त्री-पुरुष समतेवर मी त्याच दिवशी सकाळी प्रशिक्षण घेतलं होतं! शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या सार्वजनिक जागांचा अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की बाईला बाहेर पडायला कारण दाखवावं लागतं. दवाखाना, बाजार, मुलांची शाळा, देवदर्शन. काहीही कारण नसताना, उगाच, मजेत बाहेर असण्याचा हक्क तिला नाही. सुरक्षितता देऊ म्हणणारे तिला घरी पाठवतात. मागायला हवा तो हक्क. मुंबईचं हे निरीक्षण अनसिंगच्या बसथांब्यावरही जसंच्या तसं लागू पडतं.

म्हणून बाग ही चैन नव्हे. कारणाशिवाय बसता येईल अशी जागा म्हणजे बाग. काकूला ती गाडीत मिळाली होती. मुलीला ती वाटेवर हवी आहे. दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलत होत्या.

त्या बैठकीनंतर आठवड्यानं मी काकूबरोबर तिच्या माहेरी गेले. अर्ध्या तिकिटात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं लागतं आणि काकूसारख्या बाया तेव्हापासून पुन्हा माहेरी जाऊ लागल्या आहेत, हे नोंदवायला हवं. भाडं कमी झालं की बाई हलते, याला आणखी पुरावा नको. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी रुळावरून मैलभर चाललो. आपल्याकडे पॅरिससारख्या कमानी नाहीत. काळ्या रानातून गेलेला मातीचा भराव आहे, ओढ्यावर लहान मोऱ्या आहेत. जागोजागी वेडी बाभूळ माजली होती. तरी मधून पायवाट पडलेली होती. सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या दोन बाया समोरून आल्या. पावसाळ्यात पांदण चिखलानं भरते, बैलगाडीसुद्धा रुतते, तेव्हा शेतात जायला भराव हीच कोरडी वाट, असं त्यांनी सांगितलं. "मंग सांजच्याला?" मी विचारलं. "सांजच्याला नाही. पेनारे बसते तिथं." म्हणजे दिवसा बायकांनी वाट आधीच करून घेतली आहे, संध्याकाळी ती त्यांच्याकडून काढून घेतली जाते. न्यूयॉर्कच्या पुलावर जसं गवत आपोआप आलं तशीच ही वाटही आपोआप आली. तिला नाव नाही, दिवा नाही, आणि ती कुठल्याही कागदावर नाही.

कागदावर नाही हीच खरी भीती. रेल्वेच्या रिकाम्या जमिनींतून उत्पन्न मिळवण्यासाठी रेल्वे भूमी विकास प्राधिकरण आहे. शहरालगतच्या स्टेशनांच्या जागा मोलाच्या असतात. उद्या एखाद्या तुकड्यावर दुकानांची इमारत झाली, दुसऱ्यावर गोदाम झालं, मधला भाग बांधांत मिसळून गेला, तर शंभर वर्षांपूर्वी सलग मिळालेला पट्टा पुन्हा कधीच सलग मिळणार नाही. मग गाडीही नाही आणि वाटही नाही. आज अशी सलग जमीन नव्यानं घ्यायची म्हटली तर किती वर्षं लागतात ते वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाकडे पाहिलं की कळतं. कित्येक वर्षं चर्चेत आणि कामात असलेल्या त्या मार्गाचा वर्धा ते कळंब एवढाच भाग २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला.

इथं अमेरिकेतला एक कायदा मला महत्त्वाचा वाटतो. १९८३ साली तिथं अशी तरतूद झाली, की रेल्वे कंपनीला मार्ग चालवायचा नसेल तर तो मोडून विकण्याऐवजी एखाद्या संस्थेकडे किंवा नगरपालिकेकडे सोपवावा. त्यांनी तो चालण्या-धावण्याची वाट म्हणून वापरावा आणि पुढे कधी रेल्वेची गरज पडली तर मार्ग परत द्यावा. रूळमार्ग जणू बँकेत ठेवायचा. व्याज लोकांनी खायचं, मुद्दल शाबूत. २००५ साली हाय लाइन वाचली तीही याच तरतुदीच्या आधारानं. त्या देशाचं सगळंच आपल्याला घ्यायचं नाही. पण हा विचार घेण्यासारखा आहे, कारण तो आमच्या ओसरीवरचं भांडण मिटवतो. गाडी की वाट, असं निवडायला लावणाऱ्यांना आपण सांगू शकतो: गाडी येईपर्यंत वाट, आणि गाडी आली की गाडी. ब्रॉडगेजसाठी वळणं बदलली आणि जुन्या मार्गाचे काही भाग कायमचे सुटले, तर तेवढ्या भागांवर कायमची वाट.

अर्थात 'वाट करा' म्हणताच आणखी एक संकट दारात येतं. रुळांच्या कडेला माणसं राहतात. बहुतेक भूमिहीन, बरीचशी दलित, भटकी-विमुक्त आणि मुसलमान कुटुंबं. नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा, दुसरीकडे कुठंच जागा न मिळालेल्या बाया तिथं झोपडी घालतात, कारण तिथं घरमालक नसतो. सुशोभीकरणाचा पहिला फटका नेहमी यांनाच बसतो. उत्तराखंडमधल्या हल्द्वानीला रेल्वेच्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी सुमारे चार हजार कुटुंबं एका आठवड्याच्या नोटिशीवर हलवण्याचा आदेश झाला होता. बाया कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर बसल्या. ५ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या कारवाईला स्थगिती दिली. एखादीचं चुलाणं मोडून दुसरीला फिरायला वाट करून दिली, तर त्या वाटेवर आपण चालायचं नाही. हे आपल्यातल्या नोकरदार मैत्रिणींनी, सकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींनी, आणि मी स्वतः, आधीच ठरवून टाकलेलं बरं.

मग मागायचं काय? वाशिम, यवतमाळ, अकोला, अमरावती या चार जिल्ह्यांतल्या महिला मंडळांनी, बचत गटांनी, शेतमजूर संघटनांनी एकत्र बसून ठरवावं. चर्चेसाठी म्हणून मी काही मुद्दे मांडते.

पहिला, पट्टा सलग राहावा. तुकडे पाडून तो विकू नये, भाड्यानं देऊ नये. दुसरा, गाडीची मागणी सोडू नये. गाडी म्हणजे लहान गावाला थांबणारी, मजुराला परवडणारी, ओझं घेऊन चढू देणारी गाडी. पर्यटकांना वर्षातून चार वेळा वाफेचं इंजिन दाखवणारी खेळण्यातली गाडी चालेल, पण तेवढ्यावर भागणार नाही. तिसरा, तोवर भरावाची वाट करावी. तिला संगमरवर, कारंजी, पुतळे नकोत. मुरूम घालावा, बाभूळ काढून सावलीची झाडं लावावीत, दिवे लावावेत, दर मैलावर पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी चालू स्थितीतला संडास असावा. शेवटच्या दोन शब्दांवर जोर आहे. २०११ पासून मुंबईत 'राइट टू पी' चळवळीला रस्त्यावर यावं लागलं, कारण पुरुषांना लघवी फुकट होती आणि बायकांकडून पैसे घेतले जात होते. बाग झाली आणि मुतारी नसली, तर बाई तिथं अर्ध्या तासापलीकडे राहू शकत नाही. चौथा, वाटेला फाटक आणि तिकीट नको. पाचवा, काठावरच्या एकाही कुटुंबाला पर्यायी घर दिल्याशिवाय हलवू नये.

सहावा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. ठरवणाऱ्यांत बाया असाव्यात. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची तरतूद २००३ पासून कायद्यात आहे, आणि २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. महिला सभा किती ठिकाणी कागदावर भरते आणि सह्या घरी येऊन कोण घेऊन जातं, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. पण कायदा आपल्या बाजूनं आहे तिथं तो वापरलाच पाहिजे. रुळाकाठच्या प्रत्येक गावच्या महिला सभेनं एक ओळीचा ठराव जरी केला, 'आमच्या गावातून गेलेला रेल्वेचा पट्टा विकू नये, त्याचं काय करायचं हे आम्हाला विचारल्याशिवाय ठरवू नये', तरी कागदावर नसलेली ती पायवाट पहिल्यांदा कागदावर येईल.

काही मैत्रिणी म्हणतील, इकडे शेतकरी आत्महत्या, तिकडे मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्यांचा तगादा, आणि तुम्ही बागेचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की ज्या बाईला घराबाहेर घडीभर बसायला जागा नाही, तिला दुसरीला भेटायलाही जागा नाही. आपल्या बैठका ओसरीवर होतात, आणि ओसरी कुणाच्या तरी सासऱ्याची असते. तो खाकरला की आवाज खाली येतो. वसुलीवाल्याविरुद्ध एकत्र यायचं तरी कुठं? संघटनेला जागा लागते. पुरुषांनी आपलं राजकारण पारावर केलं. आपला पार अजून बांधायचा आहे.

आता राहिलं अनसिंग. आमच्या गावावरून रेल्वे जात नाही, गाडीसाठी वाशिम गाठावं लागतं. त्यामुळे बंद पडलेला रूळमार्ग आम्हाला आयता मिळणार नाही. पण त्या दुपारची चर्चा वाया गेली नाही. चहा पिऊन झाल्यावर काकूनंच विचारलं, "मंग हे पोरगी पयते कुठं?" शाळेच्या मैदानाचं नाव निघालं. पहाटे दोन तास आणि संध्याकाळी एक तास मैदान मुलींसाठी राखून ठेवावं, तिथं दोन दिवे लावावेत आणि बंद असलेला संडास उघडावा, असा अर्ज गटाच्या वहीच्या कागदावर लिहिला. अकरा सह्या आणि तीन अंगठे झाले. येत्या महिला सभेत तो मांडायचा आहे. तोवर काय? तर रोज पहाटे गटातल्या दोन बाया पाळीपाळीनं मैदानात जाऊन बसतात. मुलगी धावते आणि या दोघी पायरीवर गप्पा मारतात. आता तिला भावाची वाट पाहावी लागत नाही.

पहिल्या दिवशी आईही गेली होती. घरी आल्यावर मी विचारलं, काय केलं? "काही नाही," ती म्हणाली. "बसलो."

तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत बायकांना कारणाशिवाय बसता येईल अशी जागा आहे का? नसेल तर कुठली होऊ शकते? बंद पडलेलं स्टेशन, जुना पूल, ओस जिनिंग, गायरानाचा कोपरा, काहीही असो. एकत्र जाऊन पाहा आणि आम्हाला लिहा. पुढच्या अंकात तुमची पत्रं छापू.

झिंदाबाद!